ता पानी ये न्येमा?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. चेक देशातल्या ब्रनो शहरात, आमच्या घरामागच्या बागेत मी बाकावर बसले होते. नातू घसरगुंडीवर होता आणि डोक्यावरच्या चेस्टनटच्या झाडांवरून टप्प टप्प करत फळं पडत होती. त्या फळांचं काटेरी टरफल फुटलं की आतून गुळगुळीत, चकचकीत तपकिरी बी निघते. हातात घेतली की सागरगोट्यांची आठवण यावी अशी. चार-साडेचार वर्षांची एक मुलगी खिसे भरभरून त्या बिया गोळा करत होती. गोळा करता करता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या साडीकडे, स्वेटरकडे, कुंकवाविना कपाळावरच्या बारीक टिकलीकडे तिनं निवांत पाहून घेतलं. मग काहीतरी विचारलं. मी हसले. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हसले. तेव्हा ती मागं वळली आणि पलीकडच्या बाकावरच्या आपल्या आजीला खणखणीत आवाजात म्हणाली, ‘ता पानी ये न्येमा?’

एवढ्या सगळ्यातला एकच शब्द माझ्या कानाला ओळखीचा वाटला. पानी. पोरीला तहान लागली असणार! मी पिशवीतून स्टीलची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्यापुढे धरली. मुलगी दोन पावलं मागं सरली. तिची आजी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली, उठून आली, नातीचा दंड धरून ‘प्स्स्त’ केलं आणि माझ्याकडे बघत एक लांबलचक वाक्य बोलली. शब्द एकही कळला नाही, पण स्वर माफीचा होता. बाटली तशीच हातात. शेवटी मीच दोन घोट प्यायले, नाहीतर ती उघडण्याचं कारण काय दाखवायचं?

संध्याकाळी जेवताना मी ते वाक्य मुलाला जसंच्या तसं ऐकवलं. एकतीस वर्षं शुद्धलेखन घातल्यानं ऐकलेलं जसंच्या तसं धरून ठेवायची सवय आहे. मुलगा घास हातात धरून हसत सुटला. ‘आई, पानी म्हणजे बाई. ती विचारत होती, ही बाई मुकी आहे का?’ सून हसली नाही, तिनं नुसती माझ्या ताटात आमटी वाढली. मुलगा आपला सांगतच होता. म्हणे इथं जर्मन माणसालाही ‘न्येमेत्स’ म्हणतात, म्हणजे मुळात मुकाच. जुन्या स्लाव लोकांना, म्हणजे या चेक-रशियनांच्या पूर्वजांना, शेजाऱ्यांची भाषा कळेना, म्हणून ते शेजारी मुके. आणि स्वतःला ते म्हणत ‘स्लोव्येने’. ‘स्लोवो’ म्हणजे शब्द. आपण शब्दांची माणसं, पलीकडची सगळी मुकी.

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं.

वाईट वाटलं, हे कबूल करते. लहान मुलीच्या बोलण्याचं काय वाईट वाटून घ्यायचं, हे इतरांना सांगायला ठीक. पण रात्री त्या परक्या, जाड पांघरुणात पडल्या पडल्या मला आपल्याकडचे शब्द आठवायला लागले. ‘म्लेच्छ’ शब्दाच्या मुळाशी अस्पष्ट बोलणं आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. ग्रीकांचं ‘बार्बारोस’ आणि आपलं ‘बर्बर’ यांत तर परक्याच्या बडबडीची नक्कलच ऐकू येते. आणि ‘यंडुगुंडू’? तो शब्द आमच्या स्टाफरूममध्ये किती सहज वापरला जायचा. तेव्हा आम्हीच शब्दांची माणसं होतो. बरं, हा ‘न्येमेत्स’ पार अरबीपर्यंत गेलाय म्हणे. अरबीत ऑस्ट्रियाला ‘अन्-निम्सा’ म्हणतात. साऱ्या जगाला गाणं ऐकवणाऱ्या व्हिएन्नाच्या देशाचं नाव मुक्यांवरून पडावं, ही गंमत मला त्या रात्री जरा औषधासारखी लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलाच्या टॅबवर या स्लाव लोकांच्या मागं लागले. निवृत्त मास्तरणीला दुपारी दुसरं काम काय? आणि वाचता वाचता एक मजेशीर गोष्ट ध्यानात आली. दुसऱ्यांना मुकं म्हणणारे हे लोक इतिहासात स्वतःच कितीतरी काळ मुके आहेत. सहाव्या शतकात डॅन्यूब नदीच्या काठावर ते अचानक दिसू लागतात, पण त्यांचं एक अक्षर नाही. जे काही आहे ते दुसऱ्यांनी लिहिलेलं, तेही बहुतेक वैतागून. कॉन्स्टँटिनोपलचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो, यांच्यावर एका माणसाचं राज्य नसतं, सगळे मिळून ठरवतात. वीज घडवणारा एकच देव मानतात, त्याला गुरं वाहतात. एकमेकांपासून लांब लांब, भिकार झोपड्यांत राहतात. अंगानं उंच नि दणकट, केस ना धड पिवळे ना काळे, जरा तांबूस. मळकट असतात, पण मनानं कपटी नाहीत. योर्दानेस नावाचा दुसरा इसम ५५१ च्या सुमारास लिहितो, दलदली आणि अरण्यं हीच यांची शहरं. मला हे वाचताना तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे आठवले. विद्यार्थी अस्वच्छ, परंतु स्वभावाने सरळ. साहेब वर्गात वीस मिनिटं बसणार, आणि वर्षभर तो शेरा त्या वर्गाच्या कपाळावर.

सगळ्यात तपशीलवार शेरा मात्र शत्रूचाच आहे. इ. स. ६०० च्या आसपासचं, सम्राट मॉरिसच्या नावावरचं बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सैन्याचं एक मार्गदर्शक पुस्तक आहे, ‘स्ट्रॅटेजिकॉन’. स्लावांना कसं मारायचं हे त्यात सेनापतींना समजावलंय. पण मारायचं तर आधी नीट बघावं लागतं, आणि नीट बघितलं की माणूस दिसतोच. हे लोक म्हणे पाहुण्यांना फार जपतात, त्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोचवतात. धरून आणलेल्या माणसाला जन्मभर गुलाम ठेवत नाहीत. ठरावीक मुदत झाली की पैसे भरून घरी जा, नाहीतर इथंच मोकळा माणूस म्हणून, मित्र म्हणून राहा. वस्तीतून बाहेर पडायच्या वाटा अनेक दिशांना ठेवतात, कारण संकट कुठून येईल सांगता येत नाही. किमती चीजवस्तू जमिनीत पुरतात. आणि वेळ आलीच तर नदीच्या तळाशी उताणे पडून, तोंडात पोकळ बोरू धरून, त्यातून श्वास घेत तासन्‌तास राहतात. वरून बघणाऱ्याला नुसतं बोरूचं बेट. हे चित्र माझ्या मनातून जाईना. बोरू म्हणजे आमच्यासाठी कित्ता गिरवायची लेखणी. यांच्यासाठी तो श्वास होता. लिहायला त्यांना अजून अडीचशे वर्षं लागणार होती.

त्याच पुस्तकात धान्याच्या ढिगांचा उल्लेख आहे, आपल्या वरी-राळ्याच्या जातीची धान्यं. ते वाचलं आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. कारण आदल्याच एकादशीला सुनेनं इथल्या दुकानातून ‘याहली’ नावाचं पाकीट आणलं होतं. पिवळसर, गोल, भगरीहून जरा मोठा दाणा. शेंगदाण्याचं कूट, जिरं, तूप घालून शिजवलं तर ओळखू येऊ नये इतकी भगर. उपासाला चालतं की नाही हा प्रश्न मी ब्रनोत कुणाला विचारणार? चालवलं. चौदाशे वर्षांपूर्वी दलदलीच्या कडेला रचलेले ढीग या पाकिटातल्या धान्याच्याच भावकीचे होते, या विचारानं त्या भगरीला थोडी वेगळी चव आली. की आदल्या एकादशीला तूप जास्त झालं होतं? काही सांगता येत नाही.

आणखी एक वाक्य आहे त्या पुस्तकात. ते मी एकदा वाचलं आणि टॅब उपडा ठेवला. यांच्या बायका म्हणे नवरा मेला की तो आपलाच मृत्यू मानतात, आणि विधवा म्हणून जगण्यापेक्षा स्वतःहून गुदमरून मरतात. लिहिणाऱ्याला त्यात कौतुक वाटलंय, पातिव्रत्याचं कौतुक. आपल्याकडेही अशी कौतुकं दगडात कोरून उभी आहेत, कोपरात वाकवलेला बांगड्या भरलेला हात. त्या बायकांनी ‘स्वतःहून’ म्हणजे कसं ठरवलं, हे त्या सेनापतीला कोण सांगणार होतं? त्यांच्या तोंडचा तर एक शब्दही नाही.

हे गेले त्याला आता दोन वर्षं होतील. इथं आल्यावर एका कार्यालयात नोंदणीसाठी जावं लागलं. खिडकीपलीकडची बाई फॉर्मवरचे रकाने भराभर वाचत होती, मुलगा मराठी करून सांगत होता. एका रकान्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, ‘व्दोवा?’ मुलानं तोंड उघडायच्या आत मी मान हलवली. या देशात येऊन कुणाच्याही मदतीशिवाय मला कळलेला पहिला शब्द तो. विधवा. हजारो वर्षांत दोन्हीकडे सगळं बदललं, देव बदलले, धान्यं बदलली, पण हा शब्द दोन्हीकडे इतका शाबूत राहिला की खिडकीच्या काचेतूनही ओळखू यावा.

असे शब्द मग सापडतच गेले. याचं श्रेय बागेतल्या त्या आजीला. माफी मागायची म्हणून ती दुसऱ्या दिवशी घरच्या प्लमच्या केकचे दोन तुकडे घेऊन आली, आणि तेव्हापासून आम्ही शेजारी शेजारी बसतो. ती मूळची स्लोव्हाक, पन्नास वर्षं ब्रनोत. दोन्ही भाषांची तिच्या तोंडी भेळ झाली आहे, बेळगावच्या माणसासारखी. एकदा माझी सून नातवाला घ्यायला आली तर तिच्याकडे बोट करून आजी म्हणाली, ‘स्नाखा?’ मी संस्कृतचे चार वर्ग शिकलेली. स्नुषा! आपली ‘सून’ त्याच शब्दातून झिजून आलेली. मी जोरात मान हलवली. मग तिनं माझ्याकडे बोट केलं, ‘स्वोक्रा!’ श्वश्रू, सासू. दोघी इतक्या हसलो की कबुतरं उडाली. रशियनांचा ‘देव्येर’ म्हणजे आपला देवर, म्हणजेच दीर. ‘नेबो’ आभाळ, आपलं नभ. ‘मेद’ म्हणजे मध. ‘पेत्स’ म्हणजे भट्टी, पचणं-पक्व यांच्या घराण्यातली. मोठमोठी नाती जोडणाऱ्या या शब्दांत सासर तेवढं सगळं टिकलंय, हे माझं निरीक्षण. माहेरचं माणूस न बोलताही आपलंच असतं, सासरच्याला नाव लक्षात ठेवूनच हाक मारावी लागते.

हे मी आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर लिहिलं तर दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘बघा! जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या.’ खाली तिरंगा आणि हात जोडलेले. मला वाद घालायचा कंटाळा आहे, पण तिथं मी लिहिलं की अहो, बहिणी आहेत त्या, आई-मुलगी नव्हेत. त्यांची आई कधीच गेली, तिचा फोटोसुद्धा नाही. त्यावर कुणी काही बोललं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे इथं सुट्टी नव्हतीच, मुलानं रजा घेतली, आम्ही संग्रहालयात गेलो. काचेआड एक मडकं होतं. चाकावर न फिरवलेलं, हातानं थापून उभं केलेलं, वर एक रेघ नाही, नक्षी नाही. कडा वेडीवाकडी. आमच्या कुंभारानं असलं मडकं बाजारात आणलं असतं तर बायकांनी त्याला परत पाठवला असता. पण याच मडक्यांच्या मागावरून स्लावांचा माग काढतात. युक्रेनपासून इथपर्यंत सहाव्या शतकाच्या थरात तीच साधी मडकी, तीच जमिनीत अर्धी खोदलेली चौकोनी घरं, आणि घराच्या एका कोपऱ्यात दगडी भट्टी. १९४० मध्ये इव्हान बोर्कोव्स्की या पुरातत्त्वज्ञानं या मडक्यांना ‘प्राग प्रकार’ असं नाव दिलं. त्या वेळी प्रागवर ताबा जर्मनांचा होता, म्हणजे त्या मुक्यांचा. मुलगा पाटी वाचून दाखवत होता, पण मला पाटीची गरज नव्हती. मडक्यात काय आहे ते लांबूनच कळलं होतं. जळकी, पांढुरकी, बोटभर हाडं. हे लोक माणसं जाळायचे आणि अस्थी मडक्यात भरून पुरायचे. संगम माहुलीला कृष्णेच्या पाण्यात उभ्या मुलाच्या हातात असंच मडकं होतं, लाल फडकं बांधलेलं. तो आता माझ्याशेजारी उभा होता आणि त्यालाही ते दिसलं असावं, कारण पाटी अर्ध्यावर सोडून तो पुढच्या काचेकडे गेला.

जाळणाऱ्या माणसांचं असं होतं. मागं काही उरत नाही. पुरलेल्या माणसाच्या दातातून, कानामागच्या हाडातून आज शास्त्रज्ञ त्याचं सगळं गोत्र काढतात, पण आगीतून डीएनए वाचत नाही. म्हणून या लोकांच्या सुरुवातीच्या पिढ्या प्रयोगशाळेतही गप्पच. पुढच्या पिढ्या माणसं पुरायला लागल्या तेव्हा कुठं धागा हाती आला. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोठा अभ्यास आला, ५५५ प्राचीन माणसांच्या जनुकांचा. सहाव्या ते आठव्या शतकांत पूर्व युरोपातून लोक खरोखरच मोठ्या संख्येनं सरकत आले, पूर्व जर्मनी, पोलंड, क्रोएशियात तर ८० टक्क्यांहून जास्त वंश बदलला. नुसते लढणारे पुरुष नव्हेत, बायकापोरांसकट घरंच्या घरं. मी हे वाचलं आणि डोळ्यांपुढे राजा-सेनापती आले नाहीत. कमरेवर पोर, डोक्यावर ते वेडंवाकडं मडकं, पदराच्या टोकाला बी-बियाण्याची गाठ, अशी एक बाई आली. पदर त्यांना नव्हता, मला माहीत आहे. पण माझ्या डोळ्यांपुढची बाई असली तर पदर घेऊनच येणार.

राजे नव्हतेच त्यांच्याकडे फारसे. पहिला नाव घेण्यासारखा राजा सामो, तोही स्लाव नव्हे, फ्रँक या पश्चिमेकडच्या जर्मन टोळीतला व्यापारी. ६२३ च्या सुमारास माल विकायला आला आणि आवार टोळ्यांविरुद्धच्या लढाईत इतका उपयोगी पडला की यांनी त्यालाच राजा केला. पस्तीस वर्षं राज्य, बारा स्लाव बायका, बावीस मुलगे आणि पंधरा मुली असा हिशेब त्या काळच्या फ्रँक बखरीनं ठेवलाय. ‘राजा’साठी स्वतःचा शब्दही पुढं उसनाच घेतला, ‘क्राल’, तोही फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या ‘कार्ल’ या नावावरून! शेजारच्या मुक्याचं नाव हाच आपल्या राजाचा हुद्दा. ज्या आवारांचा जाच होता त्यांचं मात्र बरं झालं. चेक भाषेत ‘ओब्र’ म्हणजे राक्षस, अवाढव्य माणूस. हा शब्द त्या आवारांवरूनच आल्याचं मानतात. आता तो माझ्या नातवाच्या चित्रांच्या पुस्तकात दाढी वाढवून बसलाय आणि नातू त्याला घाबरत नाही.

पण ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते हाड आहे.

इथून तासाभरावर, ब्रेत्स्लावजवळ लानी म्हणून जागा आहे. तिथल्या सुरुवातीच्या स्लाव वस्तीत २०१७ मध्ये गाईगुरांच्या बरगडीचा एक तुकडा मिळाला. इ. स. ६०० च्या आसपासचा. धुऊन पाहिला तर त्यावर कोरलेली अक्षरं. स्लाव वस्तीत सापडलेलं सगळ्यांत जुनं लिखाण ते. आणि लिपी कुठली, तर जर्मन टोळ्यांची, रून! म्हणजे मुक्यांची. त्यात ना कुणाचं नाव, ना देवाची प्रार्थना. चोवीस अक्षरांच्या त्या बाराखडीतली शेवटची काही अक्षरं ओळीनं कोरली आहेत, बाकीची तुटलेल्या भागाबरोबर गेली असावीत. हे कुणीतरी अक्षरं शिकत होतं किंवा शिकवत होतं, असं संशोधकांचं म्हणणं. कोरणारा स्लाव होता की मागं राहिलेला कुणी जर्मन, यावर अजून एकमत नाही. मी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. असे फराटे मी हजारो पाट्यांवर पाहिले आहेत. हात अजून वळलेला नाही, जोर जास्त, एक अक्षर मोठं तर एक बारीक. कुणाचं का असेना, शेजारी कुणीतरी बसलेलं होतं. एकट्यानं कुणी बाराखडी कोरत नाही.

आणि त्या हाडामागून ती आली, जिला मी दोन आठवडे टाळत होते. आमच्या गावाबाहेर वडारांची पालं पडायची. दगड फोडायचे, पाटे-वरवंटे घडवायचे, टाकी लावून द्यायचे. त्यातली एक मुलगी पाचवीला माझ्या वर्गात होती. शेवटचा बाक. वर्षभर तिनं तोंड उघडलं नाही. वाचायला उभं केलं की पुस्तकात बघत उभी राहायची, खाली बस म्हटलं की बसायची. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, ‘अबोल. बुद्धी मंद. पालकांनी लक्ष द्यावे.’ पालकांनी ते कुणाकडून वाचून घेतलं असेल, देव जाणे. मे महिन्यात बाजाराच्या दिवशी मी खलबत्ता बघत होते, तर मागून नुसता धबधबा कोसळत होता. ती होती. आईला कसलीतरी गोष्ट सांगत होती, दोन्ही हात हवेत, मध्येच कुणाची तरी नक्कल, आई पोट धरून हसत होती. भाषा त्यांची, तेलुगूच्या वळणाची, मला एक अक्षर कळत नव्हतं. पण गोष्ट कशी रंगवायची हे त्या पोरीला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, एवढं नक्की कळलं. मग तिची नजर माझ्यावर पडली आणि दार ओढून घ्यावं तसं तिचं तोंड बंद झालं. जूनमध्ये पालं उठली होती. शेरा तसाच राहिला.

‘स्लोवो’चं मूळ कशात आहे, ते मी मुद्दाम शोधलं. बोलण्यात नाही. आपल्या ‘श्रु’ धातूत आहे, श्रवण, श्रुती. चेकमधलं ऐकणं, ‘स्लिशेत्’, हेही तिथलंच.

पुढची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही इथं पाठ असते. ८६३ मध्ये इथल्या मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याच्या विनंतीवरून सिरिल आणि मेथोडियस हे थेस्सालोनिकीचे दोघे धर्मोपदेशक भाऊ आले, स्लाव भाषेसाठी नवी लिपी घेऊन. त्यांच्या त्या काळातल्या मिकुल्चित्सेच्या गढीवर आम्ही नंतर जाऊन आलो. मोरावा नदीकाठचं सपाट ओलं रान, गवतात दहाएक चर्चांच्या पायांच्या खुणा, बाकी वारा. व्हेनिसमध्ये सिरिलला पाद्र्यांनी घेरलं होतं, की हिब्रू, ग्रीक, लॅटिन सोडून या रानटी भाषेत देव कसा बोलेल? पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत नाही का, असं त्यानं उलट विचारल्याचं त्याच्या चरित्रात आहे. पैठणच्या नाथांनी मराठीसाठी जो उलट सवाल केला, तो शिकवताना माझा आवाज हमखास चढायचा. इथं तर नुसत्या गवतासमोर उभी राहून माझा घसा दाटला. मेथोडियस ८८५ मध्ये वारला आणि त्याच्या शिष्यांना इथून हाकलून दिलं. ते बल्गेरियात गेले, लिपी तिकडं वाढली.

शब्दांच्या माणसांचं नाव इतरांच्या तोंडी काय झालं, तेही सांगायला हवं. लॅटिनमध्ये ‘स्क्लावुस’, आणि त्यातून इंग्रजीतला ‘स्लेव्ह’. इतकी माणसं धरून विकली गेली की जातीचं नाव हेच धंद्यातलं नाव झालं. ९६५ च्या सुमारास स्पेनकडून आलेला इब्राहिम इब्न याकूब प्रागबद्दल लिहितो, दगड-चुन्याचं शहर, व्यापार मोठा, इथून गुलाम, कथील आणि कातडी जातात. एका यादीत तिन्ही. पातळ कापडाचे तुकडे तिथं पैशासारखे चालत, असंही त्यानं लिहिलंय. ‘प्लातित्’, पैसे देणं, हे क्रियापद कापडाच्या ‘प्लात’वरून आलं म्हणतात. दुकानात मी कार्ड पुढं करते तेव्हा पोरगी रोज हाच शब्द उच्चारते.

आणि सगळ्यांत पश्चिमेला, एल्ब नदीच्या पलीकडं गेलेल्या स्लावांची भाषा हळूहळू जर्मनमध्ये बुडाली. तिथल्या योहान पारुम शुल्त्से या शेतकऱ्यानं १७२५ मध्ये लिहून ठेवलंय, माझं वय सत्तेचाळीस, मी आणि गावातली आणखी तिघं गेलो की आमच्या भाषेत कुत्र्याला काय म्हणतात हे कुणाला धड ठाऊक राहणार नाही. एवढ्या शब्दांतून त्याला कुत्राच का आठवला असेल? दारात बसलेला असेल कदाचित.

परवा पुन्हा बागेत गेले होते. झाडं आता रिकामी, बाकावर थंडी. आजीनं आपला आखूड पायांचा कुत्रा आणला होता आणि तो पानांच्या ढिगात नाक खुपसून बसला होता. मुलगी जरा अंतर ठेवून माझ्याकडे बघत होती. बाटलीची आठवण तिलाही असावी. मग तिनं कुत्र्याकडे बोट केलं आणि एकेक अक्षर सुटं करून, मी वडाराच्या पोरीशी बोलायचे तशा मोठ्या आवाजात, म्हणाली, ‘पेस.’

‘कुत्रा,’ मी म्हटलं.

तिनं तोंडातल्या तोंडात ते दोनदा घोळवून पाहिलं. ‘त्र’पाशी जीभ अडकली, मग सुटली. तिनं आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुत्र्यासमोर उकिडवी बसून त्याच्या कानाशी ओरडली, ‘कुत्रा! कुत्रा!’ त्यानं मान वर केली नाही.